‘टेन्शन’ म्हणायच्या आधी हात तपासा

“हात लय दुखते बाई. रात्री सुन्न पडते, झोप येत नाही. पण डॉक्टर म्हणते रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन नको घेऊ.”

इंदोरा, पाचपावली, इमामवाडा, जाटतरोडी, रामेश्वरी, वस्ती कोणतीही असो, आरोग्य शिबिराला बसले की अशी तक्रार घेऊन आलेली एक तरी ताई भेटतेच. एक्स-रे काढलेला असतो, तो साफ असतो. पिशवीत दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी असते. रात्री घ्यायची आणखी एक बारीक गोळी दिलेली असते. ती पाहून मेडिकल स्टोअरवाला सांगतो, “ही तर डिप्रेशनची आहे.” मग ती गोळी बंद होते. घरात बोलणे सुरू होते, “काही झालं नाही तुले, कामाचा कंटाळा आला.” आणि शेवटी तिला स्वतःलाच वाटू लागते, खरंच आपल्या मनात तर काही बिघडले नाही?

वर्षानुवर्षे दुखणारा हात मनामुळे दुखू शकतो का? दुखण्यात मनाचा वाटा असू शकतो. पण ‘हे मनाचे आहे’ हा निष्कर्ष हात नीट तपासल्यावर, कारणे दाखवून काढायचा असतो. तपासणी टाळण्यासाठी ते वाक्य वापरले जात असेल तर ते आपण मान्य करू नये. धुणीभांडी, शिलाई, विडी, झाडू, रेजाकाम करणाऱ्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे हात. ते गेले की रोजी गेली. म्हणून हा विषय आज सविस्तर घेत आहे.

एक्स-रे साफ, म्हणजे हात साफ नव्हे

एक्स-रेमध्ये मुख्यतः हाड दिसते. मज्जातंतू, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो, ती त्यात दिसत नाही. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची सूजही त्यात सहसा कळत नाही. आणि हाताची जुनी दुखणी बहुतेक याच भागांची असतात. म्हणून आधी हात कुठे आणि कसा दुखतो ते पाहावे लागते.

अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू सुन्न पडते, मुंग्या येतात, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते? मनगटात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून जाणारी नस दबली असण्याची शक्यता आहे. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त दिसते. मधुमेह, थायरॉइड कमी असणे, गरोदरपण आणि सांधेवात असेल तर आणखी जास्त. नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी एनसीव्ही नावाची तपासणी असते, तिच्यात हे बहुधा कळते. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुरतो. कधी इंजेक्शन, कधी छोटे ऑपरेशन लागते. दुर्लक्ष केले तर अंगठ्याखालचा मांसल भाग सुकतो, कप हातातून निसटू लागतो आणि मग गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

कपडे पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूने कळ निघते, ती बहुधा तिथल्या दोरीची इजा असते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखते आणि लेकरू उचलताना चमक निघते, तेही तसेच. खांदा हळूहळू जाम होत गेला, हात मागे नेऊन पोलक्याचे हुक लावता येत नाहीत, तर आधी साखर तपासा. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. बोट वाकून अडकते आणि कट्‌कन सुटते, त्यातही मधुमेही जास्त सापडतात. मानेतून निघून हातात उतरणारी कळ मानेच्या मणक्याजवळ नस दबल्याने येऊ शकते.

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे अर्धा-एक तास आखडलेली राहतात, बोटांचे सांधे सुजतात, हे सहा आठवड्यांहून जास्त चालले आहे, तर तो सांधेवात असू शकतो. त्याच्या रक्ताच्या तपासण्या आहेत आणि औषधेही आहेत. ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. हा आजार ‘टेन्शन’ म्हणून दोन वर्षे ओढला तर बोटे वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

एका ताईची गोष्ट सांगते. चार घरची धुणीभांडी करणारी, चाळिशीच्या आसपासची. दोन वर्षे तिला चिंता न करण्याचा सल्ला मिळत होता. त्या दोन वर्षांत तिची साखर एकदाही तपासली गेली नव्हती. शिबिरात बोटाला सुई टोचली आणि साखर फार वाढलेली निघाली. पुढे एनसीव्हीत दोन्ही मनगटांच्या नसा दबलेल्या निघाल्या. तिला चिंता होतीच. हात दुखत असताना चार घरे सुटतील की राहतील याची चिंता कोणाला होणार नाही? पण ती चिंता दुखण्यातून आली होती.

आपल्या समाजाने विसरू नये असा आजार: सिकलसेल

विदर्भात, आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. मग हाडांत, हातापायांत, पाठीत असह्य कळा सुटतात. बाहेरून जखम नाही, सूज असेलच असे नाही, एक्स-रे साफ. आज पोरगा तडफडतो, चार दिवसांनी क्रिकेट खेळतो. त्यामुळे शाळेत आणि घरात त्याला ‘नाटकी’ हे नाव पडते. तरुणपणी काही रुग्णांच्या खुब्याच्या आणि खांद्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी झिजतो. हे सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. ‘कामचोर’ म्हणून हिणवल्या गेलेल्या एका तरुणाचा खांदा असाच झिजलेला निघाला होता, हे मी पाहिले आहे.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे दोन्ही हात-पाय अचानक सुजले आणि ते रडायचे थांबत नसेल, तर ते सिकलसेलचे पहिले लक्षण असू शकते. अंगारा लावत बसू नका, रक्त तपासा.

एक काळजी मात्र घ्या. ज्याला ‘एएस’ म्हणजे वाहक म्हणतात, तो सहसा निरोगी असतो. वाहक असलेल्या बाईच्या हातदुखीचे खापर सिकलसेलवर फोडून बाकी तपासण्या थांबवणे हीसुद्धा चूकच. वाहकाची खरी काळजी लग्नाच्या वेळी घ्यायची आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. कुंडली आपण पाहत नाही, रक्ताचा रिपोर्ट मात्र जरूर पाहावा.

नागपूरने या आजारासाठी मोठे काम केले आहे. सिकलसेल रुग्णांसाठी आयुष्य वेचणारे संपत रामटेके याच शहराचे. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळा येण्याचे प्रमाण कमी करता येते. न दिसणारे दुखणे किती खरे असते, हे सिकलसेलइतके दुसऱ्या कोणी आपल्याला शिकवलेले नाही.

करंगळी सुन्न आणि अंगावर चट्टा

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुन्न होत असेल, ती वाकू लागली असतील, कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड आणि दुखरी लागत असेल, तर अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का ते पाहा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजू नका. विदर्भातून हा आजार अजून गेलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि पूर्ण घेतले की रोग बरा होतो. उशीर झाला तर जंतू मरतात, पण नसेची गेलेली शक्ती परत येत नाही. अशा हातालाही कुणी ‘टेन्शन’ म्हणून घरी पाठवू शकते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग मनाचा वाटा काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारणे आपल्याच तोट्याचे आहे. दुखणे हातात होते असे आपल्याला वाटते, पण त्याची जाणीव मेंदूत तयार होते. झोप नीट नसेल, घरात मारहाण असेल, कर्ज असेल, मूल गेले असेल, तर मेंदू तेच दुखणे मोठे करून दाखवतो. मान-खांद्याचे स्नायू सतत ताठ राहतात. कधी मूळ इजा भरून निघते, पण धोक्याची घंटा वाजतच राहते. असे दुखणे एक्स-रेमध्ये दिसत नाही, तरी ते शंभर टक्के खरे असते. त्या बाईने ते ओढून आणलेले नसते.

नवरा गेल्यानंतर दोन्ही हात दुखू लागलेल्या एका उपासिकेच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि खरोखर ठीक होत्या. डॉक्टरांनी तिला अर्धा तास देऊन समजावले. रात्रीची एक गोळी, रोजचे चालणे, हाताचे हलके व्यायाम आणि विहारातल्या महिला मंडळात मन मोकळे करणे, यातून चार-पाच महिन्यांत तिचा हात बराच मोकळा झाला. तिला ‘मनाचे आहे’ म्हणून हाकलले असते तर हे झाले नसते.

त्या रात्रीच्या बारीक गोळीबद्दलही सांगते. अमिट्रिप्टिलिनसारखे औषध मोठ्या मात्रेत नैराश्यासाठी देतात, हे खरे. पण लहान मात्रेत तेच औषध नसेच्या दुखण्यावर दिले जाते, कारण ते दुखण्याचा संदेश मंद करते. ते लिहून दिले म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेडे ठरवले असे होत नाही. दुकानदाराच्या बोलण्यावरून ते बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि खरेच उदास वाटत असेल, जीव नकोसा होत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मनाचा दवाखाना हा दवाखानाच आहे, त्यात कमीपणा नाही.

हल्ली मोबाईलवर काही जण सांगतात की पाठ, मान, हात यांचे सगळे जुने दुखणे दाबलेल्या रागातून येते. हा विचार न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन सार्नो यांनी पुस्तकांतून पसरवला. काहींना त्याने बरेही वाटले. पण त्या डॉक्टरांचेही म्हणणे होते की आधी दुसरा गंभीर आजार नाही याची खात्री करा. व्हिडिओत नेमके तेवढेच गाळले जाते.

कष्टकऱ्याच्या हातावर संशय जुना आहे

इटलीचे डॉक्टर रामाझ्झिनी यांनी ३०० वर्षांपूर्वी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकुनांच्या हातदुखीची तीन कारणे दिली आहेत: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्यांनी मनाला जागा दिली ती तीनपैकी एक म्हणून. पुढच्या लोकांनी मात्र पहिली दोन कारणे मागे टाकली. ब्रिटनमध्ये तार पाठवणाऱ्या कामगारांचा हात आखडायचा. १९०८ साली तो भरपाई मिळणाऱ्या आजारांत आला, आणि १९११ च्या सरकारी समितीने त्याच्या कारणांत कामगाराच्या स्वभावातला कमकुवतपणाही धरला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टायपिंग आणि टेलिफोनचे काम करणाऱ्या हजारो लोकांचे, त्यातही बायकांचे, हात दुखू लागले, तेव्हा त्यांची टिंगल झाली आणि भरपाईसाठी सोंग करतात असेही म्हटले गेले.

पोटातल्या अल्सरचेही तसेच. कित्येक वर्षे तो काळजीने होतो असे डॉक्टर सांगत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवले की बहुतेक अल्सरमागे एक जंतू असतो. त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. कारण सापडत नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही.

आपल्याकडे तर हात झिजवणाऱ्या कामांचा इतिहासच आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी विडी मजुरांना संघटित केले. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे अंगठा आणि बोटे हजार वेळा तीच हालचाल करणार. असा हात दुखला तर पहिला प्रश्न कामाबद्दल विचारायला हवा. किती तास, किती नग, मध्ये विश्रांती किती? दवाखान्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. न विचारताच आपण सांगायला शिकले पाहिजे.

तथागतांनी काय सांगितले

संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाचा संवाद आहे. तो विचारतो, काही लोक म्हणतात माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, आपले काय म्हणणे आहे? तथागत ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी अनेक कारणे ते मोजून दाखवतात आणि सांगतात की सगळे एकाच कारणावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष दिसणाऱ्या सत्याच्या पलीकडे जातात. कालपर्यंत आपल्या दुखण्याला ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणत होते. आज न तपासता ‘टेन्शन’ म्हणतात. दोन्हींत कारण शोधण्याचे कष्ट वाचतात आणि दोष दुखणाऱ्यावरच येतो.

त्याच निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाच्या तळमळीचा. ध्यान, मैत्री, सोबत यांनी दुसरा बाण टाळता येतो. पण म्हणून पहिला बाण लागलाच नाही असे तथागत म्हणत नाहीत. बाबासाहेबांना मधुमेह होता, मज्जातंतूंच्या वेदना होत्या. त्यांनी उपचारही घेतले आणि त्याच दिवसांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही लिहिला. दुखणे मान्य करणे म्हणजे हार मानणे नव्हे.

आता काय करायचे

१. वहीत लिहा. कोणती बोटे, दिवसा की रात्री, कोणत्या कामाने वाढते, सकाळी किती वेळ आखडते, सूज, ताप, वजन घटणे, चट्टा, घरात कोणाला सिकलसेल वा मधुमेह, आजवर घेतलेल्या गोळ्या. ही वही डॉक्टरांसमोर ठेवा. पाच मिनिटांच्या ओपीडीत ती तुमच्या बाजूने बोलेल.

२. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सिकलसेल या तपासण्या झाल्या आहेत का ते पाहा. सुन्नपणा असेल तर एनसीव्हीची, सांधे सुजत असतील तर सांधेवाताच्या तपासणीची गरज आहे का, हे विचारा. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मज्जातंतूंचे डॉक्टर आहेत, तिकडे चिठ्ठी मागा.

३. ‘मनाचे आहे’ असे सांगितले तर शांतपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, कोणते आजार तपासून नाहीत असे ठरले? आणि मनाचे असेल तर त्याचा उपचार काय?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. एकट्याने जाऊ नका, सोबत एक शिकलेली मुलगी घ्या.

४. दुखण्याच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने खाऊ नका. पोटात व्रण होतात, किडनी बिघडते, रक्तदाब वाढतो. बिनानावाची पुडी तर मुळीच नको. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असते, म्हणून चार दिवस चमत्कार वाटतो.

५. काम थांबवता येत नसेल तर रीत बदला. जड कपडा नळाला अडकवून पिळा. झाडू, कलथा यांच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात सैल सोडा. रात्री मनगट दुमडून झोपू नका. सिकलसेल रुग्णाने दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, गरम ठेवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

६. हे दिसले तर थांबू नका. डाव्या हातासोबत छाती किंवा जबडा दुखणे, घाम, धाप. एका हातातली ताकद अचानक जाणे, तोंड वाकडे होणे. सिकलसेल रुग्णाला ताप किंवा छातीत दुखणे. लगेच १०८ ला फोन करा.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी ठेवता येईल. ज्यांचे हात दुखतात त्यांनी एकमेकींच्या वह्या लिहून द्याव्यात, एकमेकींच्या हातांवरचे चट्टे पाहावेत, आणि दोघी-तिघींनी मिळून दवाखान्यात जावे. घरातल्या पुरुषांनीही एवढे करावे: बायको, आई, सून म्हणाली की हात दुखते, तर ‘नाटक करते’ हा शब्द तोंडातून काढायच्या आधी पाण्याची बादली आपण उचलावी आणि ओपीडीचा कागद आपण काढून आणावा.

जय भीम. नमो बुद्धाय.